दोनशे काडतुसं आणायची कुठून? काटोलच्या भाऊंना उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आधी राग आला. सकाळी चहा घेताना परत वाचली, तेव्हा लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला पुरतं पकडलंय. खाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रिव्हॉल्वर असो वा पिस्तूल, काडतूस निवडताना जोर नंतर, भरवसा आधी. आणि नवीन काडतुसाचे दोनशे नग न अडखळता चालल्याशिवाय ते कमरेला लावू नका. त्यावर काटोलकडच्या या संत्रा बागायतदार भाऊंनी लिहिलं: "साहेब, दोनशे? इथं वर्षाचा कोटा किती असते माहीत आहे का तुम्हाले? अमेरिकेचं वाचून लिहून राहिले तुम्ही. .३२ म्हणजे खेळणं आहे, हॉलो पॉइंट नाहीतर प्लस पी कुठं भेटते ते सांगा. अन् रिव्हॉल्वर कधी अडकत नाही हे लहान पोरालेही माहीत आहे. ता.क. वडिलांच्या वेळची अठरा काडतुसं कपाटात आहेत, चालतील का?" (.३२ हे काडतुसाचं इंचातलं माप; हॉलो पॉइंट आणि प्लस पी म्हणजे काय, ते खाली येतंच.)

दोनशेचं तुमचं म्हणणं मान्य. तो आकडा तिकडचाच. तिकडे माणूस शनिवारी दुकानात जातो आणि खोकाभर काडतुसं घेऊन येतो. आपल्याकडे वर्षाला किती घ्यायची आणि एका वेळी जवळ किती ठेवायची, दोन्ही आकडे लायसन्सवर लिहिलेले असतात. मी क्लबात सेंटर फायर ही नेमबाजीची स्पर्धा खेळायचो, खेळाडूंचा हिशेब वेगळा असतो, म्हणून तो आकडा माझ्या हातून सहज निसटला. स्वसंरक्षणाचं लायसन्स असलेल्या माणसाला दोनशे सांगणं म्हणजे मे महिन्यात टँकरवाल्या वस्तीत शॉवरखाली आंघोळ करा म्हणण्यासारखं झालं.

पण दोनशे काडतुसं चालली तरी त्यातून सिद्ध किती होतं, हेही बघा. संख्याशास्त्रात एक सोपा आडाखा आहे: अमुक वेळा करून एकदाही बिघाड झाला नाही, तर तीनला त्या संख्येने भागा. बिघाडाचं खरं प्रमाण जास्तीत जास्त तेवढं असेल, असं साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. दोनशेला हे दीड टक्का येतं. पन्नासला ६ टक्के, पंचवीसला १२. म्हणजे दोनशे बिनबोभाट झाडूनही शंभरात एखादं दगा देऊ शकतंच. आणि पंचवीसवर थांबलात तर झाडण्याने फार काही कळत नाही, उरलेलं काम डोळ्यांनी आणि बोटांनी करावं लागतं. ते फुकट आहे, कोट्यात धरत नाहीत, आणि तेच मी मागच्या लेखात दोन ओळींत उरकलं होतं. चूक माझी.

तर घेताना सगळी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यातून एकाच खेपेत निघालेली घ्या. बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडाशी सपाट किंवा केसभर आत हवी. नखाने चाचपून बघा, वर आलेली लगेच कळते. रिव्हॉल्वरमध्ये ती मागच्या पत्र्याला घासून चक्री जाम करते. गोळी सगळ्या नगांत सारख्याच खोलीवर बसली आहे का, तोंडाशी पुंगळी नीट आवळली आहे का, चीर, पोचा, हिरवा थर आहे का, हे बघा. मग रिकाम्या रिव्हॉल्वरच्या उघड्या चक्रीत एकेक टाकून बघा, कडा पूर्ण टेकली पाहिजे. पिस्तूल असेल तर नळी सुटी करून तिच्यात टाका: 'टक्' आवाज होऊन पूर्ण बसलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. हे सगळं शस्त्र रिकामं करून, ट्रिगरपासून बोट दूर ठेवून.

यानंतर ती वीस-पंचवीस झाडायची, तीही रेंजवरच. बागेत नाही, आणि लग्नात तर मुळीच नाही; २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रिव्हॉल्वर घोडा आधी न ओढता, नुसत्या ट्रिगरने चालवा. बऱ्याच रिव्हॉल्वरांत तसं करताना घोडा थोडा कमी मागे जातो, फटका किंचित हलका बसतो, त्यामुळे कडक टोपीचं काडतूस तिथेच उघडं पडतं. पिस्तुलाचं प्रत्येक मॅगझिन एकदा तरी पूर्ण भरून चालवा. पुढच्या वर्षी नवीन कोटा आला की जुनी सरावाला आणि नवी कमरेला. एवढं जमतं, कोट्यातही बसतं.

आता खेळण्याबद्दल. .३२ रिव्हॉल्वरचं काडतूस, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं आहे. साधारण ९८ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर वेग. पिस्तुलाचं .३२ वेगळं: जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने १८९९ मध्ये काढलेलं ७.६५ मिमी, गोळी ७१ ग्रेनची, वेग पावणेतीनशे मीटरच्या घरात. नळीच्या तोंडाशी ऊर्जा पहिल्याची दीडशे ज्यूलच्या आसपास, दुसऱ्याची पावणेदोनशे. ९ मिमीची पाचशेच्या जवळ. तेव्हा अशक्त म्हणालात तर वाद नाही. पण ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, आपल्या साध्या लायसन्सवर येतच नाही. मग तुलना कशाला? आणि खेळणं म्हणाल, तर हेच .३२ लाँग सपाट तोंडाच्या गोळीसकट जगभरचे नेमबाज २५ मीटर सेंटर फायरला आवडीने वापरतात. कागदावर पाच छिद्रांचं एक छिद्र करणारं काडतूस आहे ते.

प्लस पी म्हणजे काय, तर त्याच मापाचं पण जास्त दाबाला भरलेलं काडतूस. ९ मिमीची साधी मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड, प्लस पीची ३८,५००. अमेरिकेची सामी ही संस्था ही मानकं ठरवते आणि तिच्या यादीत .३२ ला प्लस पी नाहीच. .३२ लाँगची मर्यादा जेमतेम १५,००० ठेवलीय, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची नाजूक रिव्हॉल्वरं अजून लोकांच्या घरात आहेत. कुणी तुम्हाला '.३२ चा जोरदार माल' म्हणून काही देऊ केलं, तर ते कुठून आलं हे तुम्हालाही कळणार नाही आणि फुटलं तर सांगायला कुणी उरणार नाही. एक धोका मात्र खरोखर घरातला आहे. पिस्तुलाचं .३२ बऱ्याच .३२ रिव्हॉल्वरांच्या चक्रीत सहज बसतं. त्याचा दाब २०,५०० पर्यंत. "दोन्हीवर .३२ लिहिलंय" म्हणून घालणारे मी पाहिलेत.

हॉलो पॉइंट म्हणजे तोंडाशी पोकळ, आत शिरताना फुलणारी गोळी. तिची कथा थोडी लांब आहे, पण सांगतोच. फुलणाऱ्या गोळीची बदनामी आपल्याच देशातून सुरू झाली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली ती 'दमदम' गोळी, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आली. पोलिसी वापर वेगळा. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची चकमक झाली. एका संशयिताच्या दंडातून छातीत गेलेली ९ मिमीची फुलणारी गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि त्यानंतरही तो झाडत राहिला. त्या दिवशी दोन एजंट मारले गेले. मग एफबीआयने चाचणीचा दंडक बसवला: दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, कपड्यांच्या थरांतून जाऊनही, गोळी किमान १२ आणि कमाल १८ इंच शिरली पाहिजे. आज 'हाय परफॉर्मन्स' म्हणून विकलं जाणारं बहुतेक काडतूस याच ठोकळ्याला समोर ठेवून घडवलेलं असतं.

यातली मेख अशी की फुलायलाही वेग लागतो आणि शिरायलाही. ९ मिमीकडे दोन्हीला पुरेल इतकी शिदोरी आहे. .३२ कडे नाही. लहान नळीतून सुटलेली .३२ ची पोकळ गोळी एकतर फुलत नाही, नाहीतर फुलते आणि उथळ राहते. म्हणून या मापात साधी, गोल तोंडाची गोळीच शहाणपणाची, असं म्हणणारे बरेच जाणकार आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

पिस्तुलात आणखी एक भानगड आहे. ७.६५ च्या पुंगळीच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली तर दोघं एकमेकांना धरून बसतात आणि वरचं पुढे सरकतच नाही. ही अडकण झटका मारून सुटत नाही, मॅगझिन काढून हाताने सोडवावी लागते. ब्राउनिंगच्या गोल तोंडाच्या गोळीची लांबी बरोबर असते, मॅगझिनमध्ये मागेपुढे हलायला जागा उरत नाही. पोकळ तोंडाची काडतुसं बहुधा आखूड असतात, ती हलतात, आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. म्हणजे जोर वाढवायला गेलो आणि भरवसा घालवून बसलो. भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे येईल एवढं बघा.

रिव्हॉल्वर कधी अडकत नाही म्हणता? कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्वरची घडण वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्वरवरून आलेली, वरून मोडून उघडणारी. उघडली की मधली चांदणी वर येऊन रिकाम्या पुंगळ्या बाहेर फेकते. नळी जमिनीकडे ठेवून हळूच उघडली, की एखादी पुंगळी चांदणीच्या खाली घसरते आणि मग रिव्हॉल्वर बंद होत नाही, तुम्ही कितीही दाबा. म्हणून नळी वर करून एका दमात उघडायची. चांदणीखाली न जळालेल्या दारूचे कण साचले तरी चक्री जड होते. हलक्या रिव्हॉल्वरमध्ये ढिली आवळलेली गोळी धक्क्याने पुढे सरकून चक्री अडवू शकते. आणि काडतूस पेटलं नाही, तर पिस्तुलवाल्यापेक्षा रिव्हॉल्वरवाल्याचा फायदा आहेच: परत ट्रिगर दाबा, पुढचं येतं. पण सरावात असं करू नका. टोपी उशिरा पेटणारी निघाली तर ते काडतूस तोवर नळीसमोरून सरकलेलं असतं. लक्ष्याकडे धरून अर्धा मिनिट थांबा.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. क्लबात एका सकाळी आवाज नेहमीसारखा आलाच नाही, फुस्स झालं, हाताला धक्काही नाही. मी पुढची झाडायच्या बेतात होतो. मागून प्रशिक्षक ओरडले, "थांब!" गोळी नळीत अर्ध्यावर अडकलेली होती. पुढची सुटली असती तर नळी फुगली किंवा फाटली असती. ते काडतूस एका ज्येष्ठ सभासदाने दिलेलं, त्यांनी ते गंज येऊ नये म्हणून तेल लावून ठेवलेलं. तेल टोपीशेजारून आत झिरपतं, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

ठेवण्याबद्दल विदर्भापुरतं इतकंच: मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि कूलरच्या खोलीतल्या कपाटात तर नकोच. आपला डेझर्ट कूलर खोलीत दिवसभर ओल सोडतो. चामड्याच्या पट्ट्यातही कायम ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळेवर हिरवा थर चढतो. निवडणुकीत ठाण्यात शस्त्र जमा करून परत आणता ना, तेव्हा काडतुसं एकदा पुसून बघत जा. पिस्तूलवाल्यांनी एक जास्त बघावं: रोज रात्री रिकामं करून सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा नळीत चढवलं, की गोळी ठोके खात खात पुंगळीत आत जाते आणि दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडून बघा.

आणि हो, खालच्या एका प्रतिक्रियेत कुणी म्हटलंय की आपली काडतुसं नागपूरच्या अंबाझरीत बनतात. अंबाझरीचा कारखाना तोफगोळ्यांच्या कवचांसारखी कामं करतो आणि २०२१ पासून यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत आहे. पुंगळीच्या बुडावरचं 'केएफ' म्हणजे खडकी, पुण्याचं.

राहिली वडिलांची अठरा. मी ती झाडणार नाही आणि कमरेलाही लावणार नाही. ती कशात ठेवली होती, किती पावसाळे पाहिले, काही ठाऊक नाही. बाहेरून चकचकीत दिसणं पुरेसं नसतं, माझंही ते तेलातलं चकचकीतच होतं. पण त्याआधी एक बघा: ती अठरा तुमच्या लायसन्सवर चढवलेली आहेत का? वडिलांच्या नावावर होती आणि तशीच कपाटात राहिली असतील, तर ती आज बिनपरवान्याची आहेत. विहिरीत टाकू नका, पुरू नका. कागद घेऊन ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जा, जमा करा आणि पावती घ्या.