गाडी चार्जिंगला, सोसायटी गॅसवर

दादाने इलेक्ट्रिक गाडी बुक केली आणि आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या एजीएममध्ये लिकेज, रंगकाम सगळं राहिलं बाजूला, दोन तास नुसतं चार्जिंग. एक काका म्हणे, उद्या दहा जणांनी गाड्या लावल्या तर 12 ऑक्टोबर 2020 सारखी अख्ख्या मुंबईची लाइट जाईल. अहो काका, ती गेली होती मुंबईला वीज आणणाऱ्या कळवा-पडघ्याकडच्या 400 केव्हीच्या मोठ्या लाइन बंद पडल्या म्हणून, कोणाची गाडी चार्जिंगला होती म्हणून नाही!

हिशोब साधा आहे. दादाचं रोजचं रनिंग 40 किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर धरा, म्हणजे सहा युनिट, 15 अँपिअरच्या सॉकेटवर दोनेक तासात काम झालं. काकांचा बेडरूममधला दीड टनाचा एसी रात्रभरात जवळपास तेवढेच खात असेल, त्याची एनओसी कोणी मागितली का? आणि मुंबईची मागणी 4000 मेगावॅटच्या वर जाते ती उन्हाळ्यात भर दुपारी, रात्री दोनला नाही.

मी लंडनला असतो, मध्यरात्रीनंतर मला युनिट 7 पेन्सला पडतं, दिवसा 25च्या आसपास, त्यामुळे गाडी संध्याकाळी प्लग करून विसरायची, चार्जर आपला आपण रात्री चालू होतो. इथे 2022 पासून घरचे नवीन चार्जर असेच विकायचे असा नियम आहे, शिवाय दहा मिनिटांपर्यंत मागेपुढे सुरू होतात, सगळ्यांचा लोड एकदम यायला नको म्हणून. हे मात्र आपल्याकडे उचलण्यासारखं आहे.

पण "फॉरेनला बघा कसं" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण पहिली दोन वर्षं मी पार्किंग नसलेल्या फ्लॅटमध्ये होतो. रस्त्यावरच्या चार्जरला पैसे कितीतरी जास्त, वर घरच्या विजेवर टॅक्स 5 टक्के तर तिथे 20. ज्याच्या दारात गाडी उभी राहते त्याची मजा, बाकीच्यांनी केबल घेऊन फिरायचं, गोरेगाव काय नि लंडन काय.

खरं भांडण विजेचं नाहीच हो, वायर कुठून न्यायची, मीटर कोणाच्या नावावर आणि खर्च कोणाचा याचं आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे, जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगवर कोणी एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करायला लागलं तर मीही ओरडेन. बाबांना म्हटलं, आधी मीटररूमपासून पार्किंगपर्यंत किती केबल लागेल ते मोजा तरी. बाबा म्हणाले, मीटररूमची चावी सेक्रेटरीकडे असते आणि तो गावाला गेलाय.