राखेला भेसळ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

'एक निवृत्त अभियंता' या नावाने मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीटमध्ये (न दाबता आपल्याच वजनाने साच्यात पसरणारं काँक्रीट) फ्लाय ॲश (वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख) किंवा जीजीबीएस (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) घालणं म्हणजे सिमेंट वाचवायला केलेली भेसळ, राखेचा दर्जा गाडीगणिक बदलतो, सात दिवसांची ताकद कमी येते ती मी लपवली, असं त्यांचं म्हणणं. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "लेखक साहेबांनी आयुष्यात कधी साइटवर पाय ठेवलेला दिसत नाही."

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत, साहेब. मी 'स्लम्प ७०० मिमी' लिहिलं होतं. स्लम्प म्हणजे शंकूसारखा साचा (कोन) उचलल्यावर माल किती खाली बसतो ते माप. कोनच ३०० मिमी उंचीचा, तेव्हा तिथे 'स्लम्प फ्लो', म्हणजे माल किती रुंद पसरतो ते, हवं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता साइटवरच्या पायाबद्दल. माझे वडील सेंटरिंगचे मिस्त्री होते. सुट्टीत त्यांच्याबरोबर प्लायवर तेल फासायला मी आठवीपासून जायचो. पुढे २००८ साली नाशिकजवळच्या एका कामावर मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. बीम-कॉलमच्या जोडात सळयांची इतकी दाटी, की व्हायब्रेटरची (काँक्रीट थरथरवून दाबून बसवणाऱ्या यंत्राची) निडल आत शिरेना. माणसं बाहेरून शटरवर (साच्याच्या फळ्यांवर) हातोड्या मारत होती. शटर काढलं तर खालच्या कोपऱ्यात सळया उघड्या आणि मागे पोकळी. मी पोहोचेपर्यंत वरून स्लरी (सिमेंटचा पातळ घोळ) फासून झाली होती. हातोडीने ठोकलं तर बद्द आवाज आला, ढलपी पडली आणि आत माझी चार बोटं गेली. त्या जोडात राख एक चमचाही नव्हती. सगळं शुद्ध सिमेंट होतं, तुम्हाला हवं तसं. ते फोडून पुन्हा भरेपर्यंत मी दोन रात्री घरी गेलो नाही. आणि मला तुम्ही विचारता, साइट पाहिली आहे का!

भेसळ हा शब्द तर मला फार लागला. भेसळ लपवून करतात. इथे राख मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे मालाच्या ठरवलेल्या प्रमाणात, लिहिलेली असते, तिचं वजन बॅचच्या पावतीवर छापलेलं असतं. ती घालायची कारणंही लेखात दिली होती, पण तुम्ही बहुधा तिथवर पोहोचला नाहीत. काँक्रीटला व्हायब्रेटरशिवाय सळयांमधून वाहायचं असेल तर खडी तरंगत ठेवणारी पेस्ट (सिमेंट, राख आणि पाण्याचा लगदा) भरपूर लागते. १०० किलो सिमेंट साधारण ३२ लिटर जागा घेतं, तेवढीच राख ४५ लिटर. म्हणजे वजन तेच आणि पेस्ट जास्त. वर राखेचे कण गोल, त्यामुळे माल घसरत जातो. हीच पेस्ट निव्वळ सिमेंटने वाढवली तर उष्णता वाढते, आकसणं वाढतं आणि जाड भागात तडे जातात.

नुसत्या मॉर्टरवरसुद्धा, म्हणजे खडी न घातलेल्या मालावर, हे दिसतं. काचेवर छोटा कोन उपडा ठेवा, भरा, उचला. चांगलं मॉर्टर भाकरीसारखं गोल पसरतं आणि कडेपर्यंत वाळू दिसते. बिघडलेल्याच्या कडेला पाण्याचं कडं सुटतं. राखेच्या टक्क्याचा पहिला अंदाज मी आजही असाच घेतो, खडी नंतर. सिलिका फ्यूम (सिमेंटहून कितीतरी बारीक सिलिकाची पूड) घातला की तेच मॉर्टर चिकट होतं, पाणी धरून ठेवतं, म्हणून तो थोडाच घालायचा. हे पुस्तकातून आलेलं नाही, कोपरापर्यंत हात भरलेत तेव्हा कळलंय.

टोकियो विद्यापीठाच्या हाजिमे ओकामुरांनी १९८६ मध्ये सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीटची कल्पना मांडली ती सिमेंट वाचवायला नव्हे. कुशल कामगार कमी झाले होते, काँक्रीट नीट दाबलं जात नव्हतं आणि बांधकामं लवकर खराब होत होती. माझ्या नाशिकच्या जोडाचं दुखणं नेमकं हेच होतं.

सात दिवसांची ताकद हळू येते हे कुणी नाकारलंय? क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, ५६ दिवसांनी फोडा. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक अशा काँक्रीटला किमान १० दिवस क्युरिंग (ओलं ठेवणं) सांगतं, तेवढं करा. दर्जा बदलण्याचं म्हणाल तर वाळूचाही बदलतो, म्हणून कुणी वाळू सोडत नाही. यावर जास्त लिहीत बसत नाही.

मतभेद असू द्या, रोज असावेत. पण नाव लपवून दुसऱ्याच्या कष्टांवर शिंतोडे उडवायचे आणि स्वतःच्या एका क्यूबचाही आकडा द्यायचा नाही, ही रीत मला पटत नाही. तुमच्याकडे राखेमुळे बिघडलेल्या कामाचे आकडे असतील तर पाठवा. स्लम्प फ्लो, राखेतल्या न जळलेल्या कोळशाचं प्रमाण आणि २८ व ५६ दिवसांचे क्यूब, एवढं पुरे. मी ते इथेच छापेन. प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही.