मोजडी आणि वीस मिलिसेकंद

पाचशे रुपये कमी मिळाले म्हणून मी हे लिहीत नाहीये. बरं, म्हणूनच लिहितोय.

गेल्या रविवारी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर साठीचा कार्यक्रम होता. मी, गिटार, पायाशी लूपर, शेजारी लॅपटॉप. लॅपटॉपमधून ड्रम आणि बेस वाजणार, मी चार बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे चार तुकडे, कॉर्ड वाजवून लूपरमध्ये भरणार, ते फिरत राहणार आणि वर मी सुरावट वाजवणार. घरी हे झकास जमतं. घरी मी अनवाणी असतो. यजमानांनी मात्र 'ट्रॅडिशनल'ची अट घातलेली, त्यामुळे मी भाड्याच्या मोजडीत. लूप सुरू करताना पाय नेमका पडला. बंद करताना मोजडीचं वळलेलं टोक शेजारच्या बटणाला अडकलं आणि केसभर उशीर झाला.

केसभर म्हणजे किती, ते रात्री घरी रेकॉर्डिंग लावून मोजलं. १२० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, चार बार म्हणजे बरोबर ८ सेकंद. माझा लूप ८.०२. वीस मिलिसेकंद! एकदा ऐकून कुणाच्या बापाला कळणार नाही. पण लूपर हा मुलखाचा प्रामाणिक आणि मुलखाचा मठ्ठ प्राणी. दोन दाबांत जेवढं अंतर, तेवढंच तो उगाळत बसतो. लॅपटॉप आपल्या घड्याळाने पुढे. दर फेरीला वीसची उधारी. पावणेदोन मिनिटांत माझी गिटार दोन ठोक्यांच्या पार मधोमध लोंबकळत होती.

तीनशे माणसं जिलबी खात होती. कुणाला पत्ता नाही. एक काका सोडून.

पांढरा झब्बा, हातात मठ्ठ्याचा ग्लास, दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय. ते सरळ स्टेजवर चढले.

"अरे, तुझी सम कुठंय?"

मी वाजवता वाजवता हसलो. अशा वेळी दुसरं काय करणार?

"सोळा मात्रा ना? तीनतालाएवढंच आवर्तन की. मगाचपासून मोजतोय. डब्याचा धा वेगळा, तुझा धा वेगळा." डबा म्हणजे लॅपटॉप. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धा म्हणजे तिथला बोल.

"काका, सिंक गेलाय."

"कोण गेलाय?"

"सिंक. म्हणजे दोघांचा मेळ."

"मग सांग ना त्याला, थांब म्हणावं."

"त्याला ऐकू येत नाही, काका."

काकांनी ग्लास माझ्या स्पीकरवर ठेवला. "कुणाला? डब्याला, का त्या पायातल्या पेटीला?"

"दोघांनाही."

"म्हणजे दोन बहिरे शेजारी बसवलेस आणि मधे तू नाचतोयस?" माईक चालू होता. पहिल्या तीन रांगांची जिलबी थांबली. "अरे, तबल्याच्या सोलोला आम्ही नगमा धरायचो. तीच ती सुरावट, सोळा मात्रा, तासभर. पण कान तबल्याकडे! तबलजी जरा सरकला की आपण सरकायचं."

एवढ्यात त्यांचा अंगठा थबकला. "हां, आत्ता मात्रेवर आलास." माझा जीव भांड्यात पडला. "पण सम गेली. एका मात्रेने मागे आहेस."

रात्री गुणाकार केला. वीस गुणिले पंचवीस फेऱ्या, पाचशे मिलिसेकंद. १२० ला एक ठोका बरोबर तेवढाच. तीन मिनिटं वीस सेकंद. हे त्या माणसाने पेरांवर काढलं होतं, आणि याचाच मला जास्त राग आहे.

यावर इलाज नाही असं नाही. मिडी, म्हणजे वाद्यांनी आणि यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ सालापासून आहे. लॅपटॉपने एका ठोक्याला २४ टिचक्या पाठवायच्या. त्या ऐकणारा लूपर असला की पाय जरा चुकला तरी तो लूप बारच्या हिशोबात बसवून घेतो. माझ्या लूपरला तसली खोबणच नाही. मिडीची केबल घेताना मी विचारलं होतं, "याला चालेल ना?" दुकानदार म्हणाला, "चालतंय की, सगळ्याला चालतं." ती केबल सध्या गॅलरीत जुईची वेल बांधायला चालतेय. आणि आपल्याच गावात, मिरवणुकीत रविवार कारंज्यावर पथकाचे ढोल घुमतात, तेव्हा कुणाच्या कमरेला केबल असते? समोरच्याचा टिपरू बघतात आणि हाणतात. आम्ही मात्र हप्ते भरून बहिरे पाळायचे.

शेवटी मी लॅपटॉपचा आवाज बंद केला. काकांनी खुर्ची ओढली, कुणाचं तरी प्लास्टिकचं टेबल ओढलं आणि त्यावर ठेका धरला. लूप ८.०२ चा, तर त्यांचं आवर्तनही ८.०२ चं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही मस्त वाजलो, हे कबूल करताना दात दुखतात.

मग सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ काकांना, "अचानक साथ दिल्याबद्दल". माझ्या हातात पाकीट. उघडलं तर पाचशे कमी. यजमान अगदी प्रेमाने म्हणाले, "निम्मा वेळ लॅपटॉप बंदच होता ना, दादा."

सोमवारी मोजडी परत करायला गेलो. टोक उसवलंय म्हणून त्यानेही डिपॉझिटमधले पन्नास कापले.