काढायचं तुम्ही, शोधायचं आम्ही

विंडोज 11 वर गेलेल्या कुठल्याही अकाउंट्सवाल्याला विचारा, पहिली शिवी टास्कबारला (स्क्रीनच्या तळाच्या पट्टीला) पडते. एक्सेलच्या सात फायली उघड्या आणि खाली एकच हिरवं चित्र! विंडोज 10 मध्ये प्रत्येक फाइलचं नावासकट वेगळं बटण ठेवता यायचं. 5 ऑक्टोबर 2021 ला 11 आलं तेव्हा ती सोय गायब होती. मायक्रोसॉफ्टने टास्कबार नव्याने लिहिला आणि जुन्यातलं बरंच काही त्यात आलंच नाही. बरं, मग तयार होईपर्यंत थांबायचं ना! सोय परतली 2023 च्या सप्टेंबरअखेरीस, तीही मुळात बंद ठेवून, म्हणून अनेकांना अजून पत्ता नाही. टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, ‘टास्कबार सेटिंग्ज’, खाली ‘टास्कबार बिहेविअर्स’, आणि ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ समोर ‘नेव्हर’.

फायलीवरच्या राइट क्लिकचा घोळ वेगळा, कारण तिथे कंपनीची बाजू अगदीच खोटी नाही. जुन्या मेनूत प्रत्येक सॉफ्टवेअर आपली ओळ घुसवायचं. तो कोड एक्सप्लोररच्या, म्हणजे फायली दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामच्या, पोटातच चालायचा. एखादा बिघडला की मेनू रखडायचा, कधी एक्सप्लोररच बंद पडायचं. साफसफाई हवीच होती. पण नव्या पद्धतीने नोंद न केलेली सॉफ्टवेअरं सरसकट ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे ढकलली. सेव्हन-झिपने दिवसाला वीस झिप फायली उघडणाऱ्याला वीस क्लिक जास्त.

त्याहून वाईट म्हणजे कट, कॉपी, रिनेम, डिलीट यांची नुसती चित्रं केली. मेनू खाली उघडला तर ही रांग वर, स्क्रीनच्या तळाशी क्लिक करून मेनू वरच्या बाजूला उघडला तर रांग खाली. हात ज्या जागेला सरावलेला असतो ती जागाच हलते, मग रिनेमऐवजी डिलीट दाबलं जाणारच. (गेलीच फाइल तर लगेच कंट्रोल-झेड.) पुढे 24एच2 या 2024 च्या अपडेटमध्ये चित्रांखाली नावं दिली, म्हणजे नुसती चित्रं कळत नव्हती हे त्यांनाही पटलं असावं.

यावर उपाय साधा आहे. शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, थेट जुना मेनू येतो. फाइल निवडलेली असेल तर शिफ्ट-एफ10 नेही येतो. नाव बदलायला एफ2, मेनूची गरजच नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) बदल करून जुना मेनू कायमचा आणता येतो, पण ऑफिसच्या मशीनवर ते आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय करू नका.

अजून 10 वर असाल तर मोफत सुरक्षा अपडेट्सची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, त्यामुळे ‘मी जाणारच नाही’ हा बाणा फार दिवस परवडणारा नाही. जाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात रोजची सगळी कामं करून बघा: प्रिंटर, स्कॅनर, मराठी कीबोर्ड, टॅली. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमधलं ‘गो बॅक’ फक्त 10 दिवस चालतं. नंतर जुन्या विंडोजच्या फायली पुसल्या जातात.

आणि तक्रार इथे कमेंटमध्ये करून उपयोग नाही. विंडोज-एफ दाबलं की फीडबॅक हब, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं तक्रारी-सूचनांचं ॲप, उघडतं. आधी शोधा, तीच तक्रार असेल तर तिला मत द्या. नवी लिहिणार असाल तर ‘जुनं छान होतं’ असं नको; कुठलं काम, आधी किती क्लिक, आता किती, एवढंच लिहा.