मतदार यादीतून अलगद निसटण्याची रीत

मतदानाला जायचं, तासभर रांगेत उभं राहायचं आणि यादीत नाव नाही म्हणून ताठ मानेनं परत यायचं, हे सुख कष्टाशिवाय मिळत नाही. लोकांना वाटतं नाव आपोआप उडतं. तसं नसतं. त्यासाठी आधीची चार-पाच वर्षं पथ्यं पाळावी लागतात. ७ मे २०२४ ला सांगलीत लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा ज्यांचं हे सुख हुकलं, म्हणजे ज्यांना निमूट मत देऊन घरी यावं लागलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढच्या वेळी तरी चुकू नका.

सुरुवात कार्डापासून करा. फोटोची ओळखपत्रं १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात आली, तेव्हापासून कार्ड म्हणजेच मत अशी आपली श्रद्धा आहे. खरं तर कार्ड फक्त तुम्ही कोण एवढंच सांगतं. ते काम आधार, पॅन किंवा पासपोर्टही करतो. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. पण यादी कशाला बघायची? कार्ड लॅमिनेट करून पासबुकाच्या पिशवीत ठेवा आणि पाच वर्षांनी ‘अहो, कार्ड हाय की माझ्याकडं!’ म्हणायला तयार राहा. २०१९ च्या महापुरात कार्ड गेलं असेल तर फारच उत्तम. फॉर्म ८ भरला की ते नवं मिळतं, पण तुम्ही असं समजा की नावही कृष्णेतून वाहून गेलं, आणि गप्प बसा.

खणभागातलं भाड्याचं घर सोडून विश्रामबागला फ्लॅट घेतलात? अभिनंदन. गॅसचा पत्ता बदला, बँकेचा बदला, ऑनलाइन खरेदीचा तर त्याच रात्री बदला. यादीतला तेवढा राहू दे. त्यालाही तोच फॉर्म ८ आहे आणि तो मोबाइलवरून भरता येतो. एवढ्या सोप्या गोष्टीत कसला पुरुषार्थ? शिराळ्याहून सांगलीत आलेल्यांची तर दुप्पट मजा. जिल्हा एकच, पण शिराळा हातकणंगले लोकसभा मतदारसंघात. सांगलीच्या उमेदवारांवरून महिनाभर टपरीवर गळा बसेपर्यंत भांडायचं, आणि आपलं मत अजून हातकणंगल्यालाच आहे हे सात तारखेला कळायचं.

आता बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी घरोघर जाऊन तपासणारी अधिकारी. ती बहुधा अंगणवाडी सेविका असते, नाहीतर जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. पोरांची वजनं घेऊन, खिचडी वाटून, रजिस्टरं भरून झाली की ती हाच उद्योग करायला उन्हातून तुमच्या दाराशी येते. सेफ्टी डोअर उघडायचं नाही. आतूनच ‘आम्हाला काही घ्यायचं नाही’ म्हणायचं. तिनं ‘मतदार यादीचं काम आहे’ असं सांगितलं, तर नळाला पाणी कधी येणार ते आधी विचारायचं. ‘घरात किती माणसं?’ या प्रश्नावर तर चांगलंच चिडायचं. ही माहिती काय कुणाला देण्यासारखी आहे? (तीच माहिती मॉलमध्ये बक्षिसाच्या कूपनावर मोबाइल नंबरासकट लिहून द्यायला हरकत नाही.) फ्लॅट बंद असेल तर शेजारी पुढचं सांभाळतात: ‘त्यांचं काय, ते पुण्याला असतात पोराकडं.’ नाव काढण्याआधी नोटीस द्यावी लागते. ती दिली जाते, आणि तुम्ही न बदललेल्या जुन्या पत्त्यावर जाते. मग संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं, ‘आमच्याकडे बीएलओ कधी फिरकतच नाहीत.’ खाली दहा अंगठे येतात.

पुढची पायरी प्रारूप, म्हणजे कच्च्या यादीची. ती केंद्रावर ठेवतात, संकेतस्थळावर टाकतात, दावे-हरकतींसाठी मुदतही देतात. ही यादी वाचायचा मान तुमचा नव्हे. तो कार्यकर्त्याचा. रात्री साडेअकराला पक्षाच्या कचेरीत दोन रंगांची पेनं घेऊन तो पानन् पान वाचत बसतो: हा आपला, हा त्यांचा, हा वारला, ही नांदायला गेली. तुमच्या घरात मतं किती आणि ती कुणाची, हे तुमच्यापेक्षा त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्यातला कोणी राहिला असेल तर त्याचा नाव लावायचा फॉर्म ६ तो भरून घेतो, समोरच्याचा कोणी जादा दिसला तर नाव काढायचा फॉर्म ७ ठोकतो. तुम्ही मात्र स्वतंत्र विचारांचे, कुणाच्याच खात्यात नाही. त्यामुळे तुमच्या ओळीवर कुठल्याच रंगाचं पेन थांबत नाही. तटस्थ माणसाला एवढी किंमत मोजावी लागतेच.

यादीत पक्की टिकतात ती माणसं वेगळी. आजोबांचं तेरावं घातलं, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला तलाठ्याकडे चपला झिजवल्या. पण फॉर्म ७ भरून आजोबांचं नाव कमी करणं म्हणजे त्यांचा अपमान. दुसरी गाव सोडून गेलेली. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, मुंबई-पुण्याला गेलेल्यांची तर गणतीच नको. नवं नाव तिकडे लागतं, जुनं इकडे राहतं. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि तेही एकदाच असावं. अर्जात खोटं लिहिलं तर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण भावकी सांगते, ‘नाव काढू नगा, ग्रामपंचायतीला मत कमी पडतंय.’ कायदा राहतो दिल्लीत, भावकी बांधाला बांध लावून. कुणाचं ऐकायचं हे का सांगायला हवं?

घरातल्या बायकांचं काय करायचं, यालाही परंपरा आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. आता इतकं करावं लागत नाही. सुनेचं नाव माहेरी तासगावला राहू द्या, म्हणजे तिकडे कुणी स्थलांतरित म्हणून काढेल आणि इकडे कुणी लावणार नाही. पोरगं अठरा वर्षांचं झालं की त्याला आधी बुलेट. अठरा पूर्ण झाली का हे धरायला आता वर्षातून चार तारखा असतात, सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. तेव्हा घाई कसली?

एवढं करूनही शेवटच्या क्षणी मोह होतो. २०२४ ची निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली, सांगलीत उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख होती १९ एप्रिल. तोवर नाव लागू शकत होतं. फक्त हरकतीचे सात दिवस धरून दहाएक दिवस आधी अर्ज टाकायला हवा होता. तुम्ही २० तारखेला तहसील कचेरीत जावं. हातात झेरॉक्सचा गठ्ठा असावा, आवाज चढा असावा.

मग मतदानाचा दिवस. केंद्राध्यक्षाला यादीत एक अक्षरही घालता येत नाही, म्हणून त्यालाच धारेवर धरा. पोलीस पुढे आला की लोकशाहीचा खून झाल्याचं जाहीर करून बाहेर पडा. २०० मीटरपलीकडे टेबल टाकून बसलेला तो दोन पेनांचा कार्यकर्ता एकदा शोधून बघेल आणि नम्रपणे सांगेल, ‘काका, तुमचं न्हाई. तुमच्या वडलांचं हाय.’

शिवाय या सगळ्या मेहनतीचं फळ एका निवडणुकीपुरतं नसतं. महापालिकेसाठी नव्यानं यादी करत नाहीत. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. म्हणजे इथून निसटलात की तिथूनही निसटलात, वेगळे कष्ट नाहीत. फक्त आपल्या प्रभागातून कोण निवडून आलं तेवढी चौकशी ठेवा. पावसाळ्यात गटार तुंबलं की कुणाच्या दारात जाऊन ‘आम्ही मत कशाला दिलं?’ म्हणून ओरडायचं, ते माहीत हवं.