मुलांना भीती घालू नका म्हणे!

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं की रविवारी सगळे मिळून आगीत बाहेर कसं पडायचं याचा सराव करू, पंधरा मिनिटांचं काम आहे. उत्तर आलं, 'कशाला उगाच मुलांना भीती घालता?' त्यावर भराभर अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आमच्याकडे आग लागली होती, जुन्या मंडळींना माहीत आहे. रात्रीचे दोन. सोफ्यामागे एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर नको तेवढं जोडलेलं. मला जाग वासाने नाही, खोकल्याने आली. झोपेत नाक जागं करील या भरवशावर राहू नका, धुराचा अलार्म लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून वाजतोय का बघा. आमच्याकडे नव्हता. उभी राहिले तर श्वास घेता येईना, गुडघ्यांवर आले तेव्हा कुठे हवा मिळाली. रांगत मुलाच्या खोलीत गेले तर पलंग रिकामा. हाका मारतेय, ओ नाही.

पलंगाखाली होता. भिंतीला चिकटून, कानांवर हात. पाय धरून ओढून काढला. नंतर विचारलं, ओ का दिली नाहीस रे? म्हणाला, 'तू ओरडत होतीस. मला वाटलं माझ्यावर रागावलीस.'

सांगा आता, त्याला भीती कुणी घातली होती? आम्ही तर आगीचा 'आ'सुद्धा काढला नव्हता त्याच्यापुढे! घाबरलेली लहान मुलं लपतात. त्यांना बाहेर पळायचं असतं हे कुणीतरी आधी सांगावं लागतं.

आणि ती किल्ली. जाळीच्या दाराला आतून कुलूप, किल्ली नवऱ्याच्या पँटच्या खिशात, पँट बाथरूमच्या दारामागे. मुलाला छातीशी धरून मी दाराशी बसलेय आणि हा धुरात खिसे चाचपतोय. आज लिहितानाही हात थरथरतायत. चोरांची भीती खोटी नाही, लावा कुलूप. पण रात्री किल्ली दाराजवळच्या खिळ्याला हवी, बाहेरून हात पोचणार नाही अशी, आणि घरातल्या प्रत्येकाला अंधारात सापडेल अशी. खिडकीच्या ग्रिलचा उघडणारा भाग खरंच उघडतो का, तेही बघा. आमचा रंगाचे थर बसून बसून घट्ट झाला होता.

हो, चिमुरड्यांना जळक्या घरांचे व्हिडिओ दाखवू नयेत, मान्य. पण सराव म्हणजे ते नव्हे. आम्ही आता वर्षातून दोनदा करतो, एकदा दिवे घालवून. पहिल्यांदा पोरगं खिदळतच रांगलं. दाराला आधी हाताची मागची बाजू लावायची, गरम लागलं तर उघडायचं नाही, फटीत ओला टॉवेल कोंबून खिडकीशी जायचं, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ आहे. लिफ्टकडे तो बघतसुद्धा नाही, जिना धरतो. बाहेर पडताना मागे दार ओढून घेतो, कारण बंद दार धूर आणि आग दोन्ही बराच वेळ अडवतं. गेटबाहेरच्या खांबाशी सगळ्यांनी जमायचं, डोकी मोजायची.

रडला तो एकदाच. 'आणि मनीला कोण आणणार?' म्हणून विचारलं त्याने. एकदा बाहेर आलं की मनीसाठीही आत जायचं नाही, आत कोण राहिलंय ते अग्निशमन दलाला सांगायचं, असं त्याला सांगताना माझाच गळा दाटला. खूप वेळ मांडीवर घेऊन बसले होते त्याला. पण सांगितलं.

सकाळी ग्रुपवर लिहिलं तेव्हा माझा सूर जरा तोडून टाकणारा होता, कळतंय मला. ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यावर राग धरून काय करू? त्यांची चार वर्षांची लेक रोज आमच्याकडे खेळायला येते. मी रविवारी सकाळी दहाला खांबाशी उभी असेन. कुणी नाही आलं तरी तुम्ही तेवढे तिला घेऊन याच. लपाछपीत ती दर वेळी आमच्या पलंगाखालीच सापडते.