"365 वेळा भिऊ नको" वाल्या मेसेजबद्दल

नागपुरात सदरपासून जरीपटक्यापर्यंत सगळ्या प्रार्थना ग्रुपवर तोच मेसेज फिरून राहिलाय, की बायबलमध्ये "भिऊ नको" बरोबर 365 वेळा आहे, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. नाहीये हो तसं. भाषांतरानुसार आकडा थोडा बदलतो, पण "भिऊ नका", "घाबरू नका" सगळं धरून मोजलं तरी 365 च्या जवळपासही जात नाही (आणि लीप वर्षात काय, 29 फेब्रुवारीला भ्यायचं का?). पण धीर खरा आहे ना, उत्पत्ति 15:1 मध्ये अब्राहामाला, यशया 41:10 मध्ये इस्राएलाला, लूक 2:10 मध्ये रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, हेच सांगितलंय. दवाखान्यात ॲडमिट असलेल्याला काही पाठवायचंच असेल तर आकडा काढून टाका अन् यातलं एक वचन पूर्ण पाठवा.